हाताचे सांधे दुखत असताना बॅडमिंटन कसं खेळत राहायचं

अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा मी रॅकेट आणखी घट्ट धरायला लागले. हातातून निसटेल अशी भीती वाटायची. घट्ट धरली की जास्त दुखायचं, जास्त दुखलं की भीती वाढायची आणि मूठ पुन्हा आवळली जायची. सहा महिन्यांत अशी वेळ आली की चहाचा कप उचलताना खाली दुसरा हात धरावा लागे. वय तेव्हा ५५, बँकेतली नोकरी, आणि जळगावात रोज पहाटे सहाला चौघीजणींचं डबल्स. घरी सासूबाई एकच सांगायच्या, "आते बस कर वं माय."

आज ६१ पूर्ण आहेत आणि आठवड्यातले चार दिवस मी कोर्टवर असते. बोटांच्या टोकांना गाठी आहेत, अंगठ्याचं मूळ थोडं पुढे आलेलं आहे. ते आता मागे जाणार नाही. पण खेळ सुटला नाही. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि स्वतःच्या चुका यांच्याकडून जे कळलं ते इथे लिहिते. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळ्यात पन्नाशीनंतर बॅडमिंटन खेळणाऱ्या बायका-पुरुषांची संख्या चांगली आहे, आणि त्यातले कितीतरी जण हाताच्या दुखण्यामुळे गुपचूप यायचे बंद होतात.

आधी दुखणं कोणतं आहे ते कळू द्या

आपण सगळ्यालाच "वात" म्हणतो. पण झिजेचा संधिवात आणि आमवात ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत, उपचारही वेगळे आहेत.

झिजेचा संधिवात बहुतेक वेळा तीन जागी दिसतो: नखांजवळचे सांधे, बोटांचे मधले सांधे आणि अंगठ्याचं मूळ. सकाळी हात आखडतात, पण साधारण अर्ध्या तासात सैल होतात. वापर वाढला की दुखणं वाढतं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हे प्रमाण बरंच वाढतं. माझं हेच आहे.

आमवातात मुठीवरच्या उंचवट्यांचे सांधे आणि मनगट सुजतं, बहुधा दोन्ही हातांचं सारखंच. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, हाताला सांधा गरम लागतो, अंगात थकवा असतो. यात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर उठते. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, उशीर झाला तर वाकतात. अशी लक्षणं असतील तर रॅकेट बाजूला ठेवा आणि संधिवाततज्ज्ञ गाठा, त्यासाठी नाशिकला किंवा पुण्याला जावं लागलं तरी. रक्तात आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला), ईएसआर, सीआरपी (अंगात सूज किती ते बघायला) आणि युरिक ॲसिड, शिवाय हातांचा एक्स-रे, एवढ्यावर डॉक्टरांना बरंच कळतं.

आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर त्याची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळते. २००६ च्या साथीनंतर आपल्याकडे घरोघरी लोक भिंत धरून चालत होते ते आठवत असेल. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील तर दुखणं सांध्याचं नसून मनगटात दबलेल्या नसेचं असू शकतं. त्याला या लेखातलं बरंचसं लागू पडणार नाही.

किती दुखलं तर चालेल

माझ्या फिजिओथेरपिस्टने दिलेला नियम सोपा आहे. खेळताना शून्य ते दहात तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवायचं. खेळून झाल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांच्या आत आपल्या नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी एक गेम कमी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहिते, किती गेम आणि किती वाजता हात शांत झाला. महिनाभराने आपला हात किती झेपवतो ते स्पष्ट दिसतं. माझ्यासाठी २१ गुणांचे तीन गेम ही मर्यादा आहे. चौथा गेम मला दुसऱ्या दिवशीच्या खेळाला मुकवतो, हे कॅलेंडरनेच दाखवलं.

रॅकेट: खरा फरक इथे पडतो

अंगठ्याच्या मुळाचा सांधा कसा भार घेतो ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. बोटांच्या टोकांनी १ किलोच्या जोराने चिमटा घेतला तर त्या सांध्यावर सुमारे १२ पट दाब येतो. मूठ करकचून आवळली तर तो आणखी कितीतरी वाढतो. म्हणजे मुठीचा जोर थोडासा कमी केला तरी सांध्याला मोठा आराम मिळतो. पुढच्या प्रत्येक बदलाचा हेतू एकच आहे, मूठ आवळावी लागू नये.

वजन. रॅकेटच्या दांड्याच्या टोकाशी ४यू, ५यू अशी खूण असते. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. मी ३यू वरून ५यू वर आले. दहा ग्रॅम कागदावर काहीच वाटत नाहीत. पण तासाभरात ती रॅकेट शेकडो वेळा फिरते. डोक्याकडे जड असलेली रॅकेट टाळा. स्मॅशला, म्हणजे वरून खाली जोरात मारायच्या फटक्याला, ती छान, मनगटाला आणि अंगठ्याला वाईट. दुकानात रॅकेट दांड्याखाली बोट धरून तोलून बघा, दोन-तीन रॅकेट एकापाठोपाठ तोलल्या की फरक लगेच कळतो.

मुठीची जाडी. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या रॅकेटची मूठ बहुधा बारीकच असते. बारीक मुठीवर बोटं जास्त मिटावी लागतात आणि जोरही जास्त लावावा लागतो. मूठ थोडी जाड केली की बोटं अर्धवट उघडी राहूनही पकड मिळते. बरोबर जाडी ओळखायची अशी: नेहमीसारखी रॅकेट धरा आणि अनामिकेचं टोक व तळहाताचा मांसल भाग यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट घालून बघा. बोट नीट बसलं तर ठीक. जागाच नसेल तर मूठ बारीक आहे. बोट बसून वर जागा उरली तर मूठ जास्त जाड झाली. मग रॅकेट बोटांत फिरत नाही आणि पुन्हा सगळा जोर अंगठ्यावर येतो.

जाडी वाढवायला ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी, पुरते. एक साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची असते. मी कंपनीच्या मूळ ग्रिपवर दोन चढवते. तळाच्या टोकापासून सुरुवात करा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर तीन-चार मिलिमीटर चढू द्या आणि पट्टी ओढून ताणू नका. ताणली की ती पातळ होते आणि मऊपणा जातो, म्हणजे ज्यासाठी गुंडाळली तेच हरवतं. मुठीचे आठ पैलू बोटांना जाणवत राहिले पाहिजेत; ते पुरते बुजले तर रॅकेटचं तोंड कुठे आहे हे न बघता कळत नाही. गुंडाळण्याचं हे काम दुखऱ्या अंगठ्याला फार त्रास देतं. मी ते मुलाकडून करून घेते.

आपल्याकडचा घाम हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मे मध्ये पहाटे सहालाही हॉलमध्ये हात ओलाचिंब होतो, आणि ओली मूठ आपण नकळत आवळतो. उन्हाळ्यात मी टॉवेलसारख्या कापडाची ग्रिप वापरते. ती घाम शोषते, पण लवकर कडक होते. दोन-तीन आठवड्यांत बदला. पिशवीत दोन कोरडे नॅपकिन ठेवा आणि दर पाच-सहा गुणांनी हात पुसा. सोबतच्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवलं की कोणी घाई करत नाही.

रॅकेटची जाळी. इथे माझी मोठी चूक झाली होती. एका दुकानात जाळी बदलायला दिली, त्यांनी विचारलं डबल्स का, मी हो म्हटलं, आणि त्यांनी २७ पाउंडला ताणून दिली. पहिल्याच दिवशी प्रत्येक फटक्याचा झटका कोपरापर्यंत गेला. ताण जास्त असेल तर जाळीतला नेमका मध्य लहान होतो, शटल जरा बाजूला लागलं की रॅकेट हातात वळते आणि ती वळू नये म्हणून अंगठा दाबतो. सैल जाळी शटल स्वतःच उसळवते. मी २० पाउंड सांगते. रॅकेटवर किमान-कमाल ताण छापलेला असतो, तो वाचून घ्या, आणि दुकानदाराला आकडा आपण सांगा, त्याच्यावर सोडू नका.

थंडी आणि शटल

हे मला फार उशिरा लक्षात आलं, म्हणून मुद्दाम लिहिते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. थंड हवा दाट असते, शटल लवकर पडतं. नेहमीचा क्लिअर, म्हणजे उंच लांब फटका, मागच्या रेषेपर्यंत पोचत नाही, म्हणून आपण जोर वाढवतो, आणि नेमके त्याच वेळी हात सगळ्यात जास्त आखडलेले असतात. मला दरवर्षी जानेवारीतच जास्त दुखायचं आणि मी सगळा दोष थंडीला द्यायचे. अर्धा दोष शटलचा होता.

नायलॉनच्या शटलवर बुचाभोवती रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हिरवी, थंडीच्या पहाटे निळी किंवा लाल घ्या. पिसांच्या शटलच्या डब्यावर ७६, ७७ असे आकडे असतात, काही कंपन्यांची खूण वेगळी असते. या आकड्यांत मोठा आकडा म्हणजे वेगवान शटल. हिवाळ्यात एक आकडा वरचं मागवा. आमच्या चौघींनी हे केलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या कॅलेंडरवरचे आकडे उतरले. जमलं तर थंडीत वेळही सहाऐवजी आठची करा.

निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटं

उठल्याबरोबर पातेलंभर कोमट पाण्यात दोन्ही हात दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी कोपराला सुखद गरम लागावं, चटका बसू नये. मधुमेहामुळे हाताची जाणीव कमी झाली असेल तर पाणी दुसऱ्या कोणाला बघायला सांगा.

पाण्यातच व्यायाम होतात. बोटं सरळ. मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून हुकसारखा आकडा. मग सैल मूठ. पुन्हा सरळ. असं पाच वेळा, सावकाश. नंतर अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावून गोल "ओ" करायचा. गोल चपटा होता कामा नये, अंगठ्याचा मधला सांधा आत मोडू देऊ नका. शेवटी हात पुसून तळवा टेबलावर ठेवा आणि एकेक बोट उचला.

रबरी चेंडू दाबायचा व्यायाम बरेच जण सांगतात. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर तो करू नका. ज्या दाबापासून सांध्याला वाचवायचं, तोच दाब आपण वर मोजून देतो.

कोर्टवर पोचल्यावर खांदे फिरवा, थोडं जागेवर चाला, आणि पहिली पाच मिनिटं नेटजवळ उभं राहून नुसतं टिपटिप खेळा.

खेळताना अंगठ्याला मऊ निओप्रीनचा आधारपट्टा बांधता येतो. उन्हाळ्यात आत पुरळ येते, म्हणून खाली पातळ सुती कापड घ्या. रात्री झोपताना घालायचा कडक स्प्लिंट, म्हणजे अंगठा न हलू देणारा आधार, वेगळा असतो. तो फिजिओथेरपिस्टकडून मापाने करून घ्यावा. त्याचा गुण दोन-चार दिवसांत येत नाही, काही महिने नेमाने घालावा लागतो.

कोर्टवर

रॅकेट अशी धरा की हातात साल काढलेलं पिकलं केळं आहे. आम्ही केळीच्या मुलखातले, त्यामुळे ही उपमा माझ्या हाताला लगेच कळली. घसरू द्यायचं नाही आणि चिरडायचंही नाही. शटल येईपर्यंत मूठ अशीच सैल. फटका लागण्याच्या क्षणी बोटं किंचित मिटतात आणि लगेच पुन्हा सैल. दोन गुणांच्या मध्ये आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलं असेल तर तुम्ही दाबताय. गुलाबी दिसलं पाहिजे. आमच्यातली एक ताई मला अजूनही मधूनच "नख" एवढंच ओरडून सांगते. अशी एक माणूस सोबत असावी.

बॅकहँडला, म्हणजे हाताची पाठ पुढे करून मारताना, अंगठा मुठीच्या रुंद पैलूवर सपाट दाबायची सवय असते. तिथे सगळा भार मुळावर जातो. अंगठा जरा बाजूच्या तिरप्या पैलूवर सरकवा, जोर कमी लागेल आणि कोनही चांगला मिळेल. मागच्या कोपऱ्यातला बॅकहँड क्लिअर मी सोडून दिला. तिथे पाय लवकर हलवून फोरहँड घेते, नाही पोचले तर नेटजवळ पडणारा साधा हलका ड्रॉप.

सर्व्हिस. हल्ली सगळे बॅकहँडने लहान सर्व्हिस करतात. त्यात उजव्या अंगठ्याचा दाब आणि डाव्या अंगठ्या-तर्जनीचा चिमटा, दोन्ही हातांना एकदम त्रास. फोरहँडने सर्व्हिस करा, आणि शटल दोन बोटांच्या चिमटीत न धरता बुचाकडून तीन बोटांवर हलकं टेकवून सोडा.

खाली पडलेलं शटल रॅकेटने उचलायला शिका. ते येईपर्यंत जोडीदाराला उचलू द्या.

डबल्समध्ये मी पुढे असते, मागचे स्मॅश जोडीदार घेते. नेटजवळ जोर लागत नाही, नजर आणि वेळ लागते, आणि पन्नाशीनंतर माणसाकडे त्या दोन्ही जास्तच असतात. स्मॅश मारायचा मोह मला आजही होतो. एका गेममध्ये दोन, एवढी मी स्वतःला सूट दिली आहे.

खेळून आल्यावर

सांधा गरम किंवा सुजलेला वाटला तर बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं. नुसताच आखडला असेल तर पुन्हा कोमट पाणी. डायक्लोफेनॅकचं जेल हाताच्या झिजेच्या दुखण्यावर चांगलं काम करतं आणि पोटातून घेतलेल्या गोळीपेक्षा अंगात फार कमी जातं, म्हणून डॉक्टर आधी तेच सुचवतात. लावल्यावर तासभर हात धुऊ नका आणि डोळ्यांना लावू नका.

दुखणं दाबायला गोळी घेऊन कोर्टवर उतरू नका. हात ओरडतोय तो ऐकूच आला नाही तर दोन तासांचा नियम काय कामाचा? शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाब, मधुमेह, आम्लपित्त असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नये.

आणि नाव-गाव नसलेल्या "वाताच्या पुड्या" घेऊ नका. माझ्या एका नातेवाईक मावशींना पुड्यांनी आठवड्यात आराम पडला, चेहरा सुजून गोल झाला आणि साखर चढली. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. डॉक्टर सांध्यात मोजून देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. ते घेतल्यावर किती दिवस खेळायचं नाही ते त्यांनाच विचारा.

उरलेला दिवस

बायकांनी हा भाग वगळू नये. हात कोर्टवर एक तास असतो, स्वयंपाकघरात पाच तास.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवलं तर मळायला जोर कमी लागतो. बोटांनी चेपू नका, तळहाताच्या टाचेने मळा. कपडे पिळताना मनगट मुरगळण्याऐवजी कपडा नळाच्या तोटीला अडकवून दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्या. बादली अर्धी भरा. बरणीचं झाकण रबरी हातमोजा घालून तळहाताने उघडा. मोबाइल टेबलावर ठेवून तर्जनीने टाइप करा; अंगठ्याने लिहिलेले लांबलचक निरोप मला एका गेमइतके महाग पडायचे.

थंडीत शेतावर भरताची पार्टी असली की वीस-पंचवीस माणसांचं वांगं ठेचायचं काम असतं. मी त्या सकाळी खेळत नाही, आणि मुसळ आता पुरुषांच्या हातात देते. उन्हाळ्यातल्या उडदाच्या पापडांचंही तसंच. पीठ कुटायचं, लाट्या तोडायच्या, दिवसभर लाटायचं. त्या आठवड्यात खेळ निम्म्यावर आणा. घरातल्यांना हे आधी सांगा. मी दोन वर्षं सांगितलं नाही, आणि सगळ्यांना वाटत राहिलं की मला काही होत नाही.

दुखणं उसळलं तर

कधीतरी उसळतंच. सांधा लाल, गरम, सुजलेला आहे, बोट अडकतंय, हातातून वस्तू पडताहेत किंवा ताप आहे, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. नुसतंच दुखणं वाढलेलं असेल तर पाच-सहा दिवस रॅकेट बंद, स्प्लिंट दिवसाही, कोमट पाण्यातले व्यायाम मात्र चालूच, कारण पूर्ण थांबलेला हात आणखी आखडतो. कोर्टवर जायचंच असेल तर गुण मोजायला जा. माणसं तुटत नाहीत.

परत सुरू करताना पहिल्या दिवशी अर्ध्या कोर्टवर दहा मिनिटं टिपटिप. दोन तासांत हात शांत झाला तर एक दिवस सोडून वीस मिनिटं, मग एक गेम. आठवड्याने दोन. ओव्हरग्रिप या काळात नवी घाला, जुनी तोवर कडक आणि निसरडी झालेली असते.